आबांची मिशी आणि कडूचं चाक

बुऱ्हानपूरच्या लोधीपुऱ्यात माझी पिठाची चक्की आहे आणि तिच्या भिंतीला भिंत लावून कडू चुडामण महाजनचं पॉलिशचं दुकान आहे. दिवसभरात मी पांढरा होतो, तो काळा होतो, आणि संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर चहा प्यायला बसलो की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी नाटकाची तालीम चालू आहे.

कडूचं दुकान म्हणजे एक खोली, एक मोटार आणि मोटारीच्या दोन्ही टोकांना एकेक चाक. डावीकडचं तारांचं, ते गंज खातं. उजवीकडचं कापडाचं. गोल कापलेले कापडाचे थर एकावर एक शिवून ते केलेलं असतं. त्याला पॉलिशची वडी टेकवायची, बटण दाबायचं आणि भांडं धरायचं. मोठी वस्तू असली तर हातात धरायची मशीन आहे, तिच्या तोंडावर हीच चाकं लहान होऊन बसतात. मंदिराच्या समया, दर्ग्यातली धूपदाणी, बँडवाल्यांचे कर्णे आणि पोरांच्या मोटारसायकलींचे सायलेन्सर, सगळं त्याच एका चाकावर चकाकून जातं. यावर शहरात अजून कोणी आक्षेप घेतलेला नाही, कारण अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

कडू दापोऱ्याचा. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव कडू ठेवलं. मरणाने तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं, अशी त्यामागची योजना. योजना सफल झाली. मरणाने सोडल्यावर ज्यांच्या ज्यांच्या वाट्याला तो आला, त्यांना मात्र थुंकायची सोय राहिली नाही.

घर केळीचं. बाप चुडामण पहाटे मळ्यात जायचा आणि घड कापता कापता चिकाने माखून परत यायचा. केळीचा चीक एकदा कापडावर पडला की कापड फाटेल, पण डाग जायचा नाही. आमच्या भागात माणूस शेतकरी आहे की नाही हे त्याच्या सदऱ्यावरून ओळखतात. पण कडूला डाग सहन होत नसे. लहानपणी तो नदीवर जाऊन सदऱ्याचा एकच कोपरा दगडावर घासत बसायचा. शेवटी डाग जायचा, आणि त्या जागी भोक राहायचं.

"केळीवाल्याच्या घरी जन्मला आन् डागाला भेतो!" चुडामण म्हणायचा. हे भेणं वयानुसार जाईल असं त्याला वाटत होतं. ते वाढलं.

तरुणपणी कडू कागदाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. तिथे त्याला मोठाल्या लोखंडी रोलरांवरचा गंज काढायचं काम मिळालं. हातात तारेचं फिरतं चाक दिलं गेलं आणि गंजाखालून पांढरं लोखंड वर येताना त्याने पहिल्यांदा पाहिलं. इतर पोरांना त्या वयात सिनेमातली नटी दिसते. याला रोलर दिसला. जेवणाच्या सुट्टीतही तो मशीन खाली ठेवीना. काम नसलं की तो खिडक्यांच्या कड्या उजळायचा, सुपरवायझरच्या डब्याचं झाकण उजळायचा. एकदा त्याने मशीनवरची कंपनीची पाटीसुद्धा अशी घासली की ती मशीन कुठली, कधीची, किती ताकदीची, हे त्यानंतर कोणालाच सांगता येईना. ठेका संपला तेव्हा कडूचा ठेका पुन्हा झाला नाही. कडू म्हणतो, मंदी होती.

पण तेवढ्यात त्याने एक काम उरकून घेतलं होतं. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं राहत. त्यांतल्या एका घरातली वैजयंती त्याने पसंत केली. किंवा तिने केली. यावर दोघांचं एकमत नाही. वैजयंतीवहिनी शुद्ध मराठी बोलतात, आणि नवऱ्याशी भांडतानाही व्याकरण सोडत नाहीत. लग्नात त्यांच्या आईने भांडी दिली. तांब्याचा हंडा, पितळी घंगाळ, वाट्या, तांबे. प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, आईचं, मामाचं, आत्याचं. बायकोला खूश करावं म्हणून कडूने पहिल्याच दिवाळीला सगळी भांडी आपल्या नव्या दुकानात नेली. संध्याकाळी घरी आणली तेव्हा त्यांत तोंड दिसत होतं. नाव एकही नव्हतं.

वहिनींनी हंडा उलटा केला, सुलटा केला, उजेडात नेला.

"माझ्या आईचं नाव कुठे गेलं?"

"नाव कायचं? ते ठिपके होते ना? मळ भरला होता त्यायच्यात. काढून टाकला साफ."

त्यानंतर वहिनी त्याच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. कडूने मला सांगितलं की घरात फार शांतता आहे, लग्न मानवलं.

गावातही हाच प्रकार. पंगतीची भांडी पॉलिशला आली की परत जाताना ती कोणाची हे कळेनासं व्हायचं, आणि मग दोन घरं एका पातेल्यावरून आमच्या ओट्यावर उभी राहायची. पण लोक येत राहिले. चकाकी ही अशी चीज आहे की ती पाहिल्यावर माणूस काय गेलं ते विचारायचं विसरतो. निदान घरी जाईपर्यंत तरी.

असं त्याचं बरं चाललं होतं. मग फोपनारहून भगवानबापू पाटील आपल्या वडिलांना घेऊन आले.

वडील पितळेचे होते. निंबा आबा पाटील जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती. फोपनार गावात आबांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असायचा, आणि पहिलाही तोच असायचा, मधे दुसऱ्या कोणाला बोलायला जागा नसे. भरघोस मिशी आणि कपाळावर आठ्या. ते गेल्यावर भगवानबापूंनी चौकात चौथरा बांधून त्यांचा छातीपर्यंतचा पितळी पुतळा बसवला. पंचवीस वर्षांत पाऊस, धूळ आणि कबुतरं यांनी मिळून आबांना काळंहिरवं करून टाकलं. आता पंचविसाव्या पुण्यतिथीला भोपाळहून मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून आबांना बारदानात गुंडाळून, टेम्पोत घालून, कडूच्या दारात उतरवलं.

"असा चमकला पाहिजे," भगवानबापू म्हणाले, "की पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत."

"बापू, वळखू नाही येणार, असा करून देतो," कडू म्हणाला.

माणूस दिलेला शब्द इतका तंतोतंत पाळतो, असं क्वचितच पाहायला मिळतं.

या पुतळ्याची एक गोष्ट होती, ती भगवानबापूंनी सांगितली नाही. मूर्तिकाराला देण्यासाठी तेव्हा त्यांना आबांचा समोरून काढलेला एकच स्वच्छ फोटो मिळाला, तो लग्नातला. बाकी सगळ्यांत आबा पागोटं आणि काळा चष्मा लावून कोणाकडे तरी बोट दाखवत होते. मूर्तिकाराने फोटोबरहुकूम तरणाबांड, मिशी नसलेला आबा ओतला. भगवानबापू तो पाहायला गेले, एकदा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि घाईघाईने म्हणाले, मिशी पाहिजे. वय पाहिजे. झाल्या पुतळ्याला मिशी कुठून येणार? मूर्तिकाराने पितळी पत्र्याची मिशी वेगळी कापली, डाख देऊन ओठावर चिकटवली आणि छिन्नीने कपाळावर आठ्या पाडल्या. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं.

दुपारची वेळ होती. मी एका गिऱ्हाइकाची दादर ज्वारी दळत होतो. पलीकडे कडूने हातातल्या मशीनला तारेचं चाक लावून आबांचे खांदे, छाती, कान सगळं साफ केलं होतं. मशीनचा आवाज एका सुरात चालू होता. मग एकदम तो सूर चिरकला, 'टण्ण' झालं, आणि आमच्या मधल्या भिंतीच्या झरोक्यातून काहीतरी चकाकत आलं आणि थेट गिऱ्हाइकाच्या पिठाच्या डब्यात पडलं.

गिऱ्हाइक बाई होती. तिने पिठात हात घालून ती वस्तू वर काढली.

"हे काय वं भाऊ, दळणात मिशी निघाली!"

अर्धी मिशी होती. डावी.

मी ती घेऊन पलीकडे गेलो. कडू मशीन बंद करून आबांसमोर उकिडवा बसला होता. आबांच्या ओठावर उजवीकडे रुबाब होता आणि डावीकडे काहीच नव्हतं.

"डाख सुटला," कडू म्हणाला. "तारेत टोक अडकलं आन् गेली उडून. कोण्या गाढवाने चिटकवली होती, भाऊ, सांगा मले. वरून लावलेली चीज टिकते का कधी?"

"आता?"

कडूने थोडा विचार केला. मी त्याला विचार करताना फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून लक्षात आहे.

"अर्धी ठेवली तर खराब दिसन," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने मशीन चालू करून उजवी काढून टाकली.

तेवढ्यात वैजयंतीवहिनी डबा घेऊन आल्या. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोणाच्या तरी वडिलांची मिशी काढली आहे," त्या म्हणाल्या. वाक्यात एकही चूक नव्हती.

"काढली नाही, निघाली. आन् आता पाहा ना, किती मोकळा चेहरा वाटू राहिला!"

मग तो मोकळा चेहरा आणखी मोकळा करावासा वाटला त्याला. कपाळावरच्या आठ्या म्हणजे ओतकामातला दोष आहे, असा त्याने निर्णय दिला आणि खरखरीत चाक लावून त्या सपाट केल्या. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या सपाट केल्या. गालावरच्या रेघा सपाट केल्या. शेवटी कापडाचं चाक लावून असा काही हात फिरवला की बारदानातून आलेला साठीचा पाटील पंचविशीचा नवरदेव होऊन पिवळ्याधमक उजेडात बसला. ओळखू येत नव्हता, हे खरंच होतं.

"भगवानबापूंना आधी दाखव," मी म्हटलं.

"नाही भाऊ. पडदा उघडल्यावरच पाहू द्या त्यायले. खुशी डबल होते."

त्याने आबांना स्वतःच्या हाताने पांढऱ्या कापडात गुंडाळून सुतळीने बांधलं. टेम्पो आला आणि घेऊन गेला. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र त्याचा धीर थोडा सुटला असावा. सकाळी येऊन म्हणाला, लीलाधरभाऊ, चाला ना संगे, चक्की एक दिवस बंद राहिली तर बुऱ्हानपूर भुकं नाही मरणार.

फोपनारच्या चौकात मांडव होता, लाउडस्पीकर होता, हार होते. पाहुणे कोणत्या खात्याचे होते हे शेवटपर्यंत कोणाला नीट कळलं नाही. पण मागेपुढे गाड्या होत्या, तेव्हा मोठे असणार. पहिल्या रांगेत खुर्चीवर आबांच्या बायको, इंदुबाई, बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, अंगकाठी खारकेसारखी, नजर शाबूत. भगवानबापू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पुतळ्याशेजारी उभे होते. आणि मांडवात पाण्याचे ग्लास घेऊन सुरेश फिरत होता.

सुरेश पाटलांच्या मळ्यात कामाला. पन्नाशी गाठलेला, दाढीमिशी गुळगुळीत ठेवणारा, मान खाली घालून वावरणारा. त्याची आई मालूबाई, तीही जन्मभर त्याच मळ्यात केळीचे घड वाहता वाहता गेली. सुरेशला वडील नव्हते. म्हणजे गावाने त्याबाबत कधी चौकशी केली नव्हती. गावाला जिथे चौकशी करायची नसते तिथे ते फार सभ्य असतं.

पाहुण्यांनी दोरी ओढली. कापड खाली आलं. आबा झळकले.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. भगवानबापूंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्या मांडवाची मान पुतळ्याकडून हळूहळू वळत पाण्याच्या ट्रेकडे गेली. मीही पाहिलं. तेच नाक, तोच रुंद जबडा, हनुवटीला तीच खाच. चौथऱ्यावर पितळेचा सुरेश होता, आणि खाली ग्लास धरून उभा होता तो हाडामांसाचा.

पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त डोळे होते, आणि हातात माइक होता.

"अरे वाह!" ते खूश होऊन म्हणाले, आणि लाउडस्पीकरने ते गावच्या वेशीपर्यंत पोचवलं. "ये भैया तो पोते होंगे? बिल्कुल दादाजी पे गए हैं! हमने देखते ही पहचान लिया."

इतकं बारकाईने निरीक्षण करणारा नेता आमच्या जिल्ह्याला याआधी लाभला नव्हता.

भगवानबापू काहीतरी पुटपुटले. आणि मग पहिल्या रांगेतून इंदुबाईंचा आवाज आला. म्हातारीचा आवाज बारीक होता, पण मांडव इतका गप्प होता की माइकची गरज पडली नाही.

"पोता नाही. बेटा आहे."

"आई!" भगवानबापू म्हणाले.

"कायले वरडतो? असाच दिसे तो लग्नाच्या टायमाला." त्या पुतळ्याकडे पाहत होत्या. "मिशी मंग ठेवली. हा सुरेश शाळेत जायला लागला, मास्तर याच्या तोंडाकडे पाहून हसला, त्याच हप्त्यात ठेवली. मी म्हने, बरी नाही दिसत, काढा. जन्मभर म्हने. कधी आयकलं नाही."

मग त्यांनी मान वळवून आमच्या दिशेला पाहिलं. "कोण रे तो पॉलिशवाला? त्याने आयकलं."

कडू माझ्या मागे लपला होता. मी पुरेसा रुंद नाही.

सुरेशने ट्रे चौथऱ्याच्या पायरीवर ठेवला आणि मळ्याच्या रस्त्याने निघून गेला. कोणी त्याला थांबवलं नाही. कार्यक्रम मात्र थांबला नाही; आपल्याकडे कार्यक्रम कशानेही थांबत नाही. पाहुण्यांनी भाषण केलं. निंबाजींचं जीवन आरशासारखं स्वच्छ होतं, त्यांनी कधी कुणापासून काही लपवलं नाही, असं ते कागदावर पाहून म्हणाले. भाषण आधीच लिहिलेलं होतं, बिचाऱ्यांचा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानबापू दुकानात हजर झाले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"मिशी लाव," ते म्हणाले.

"बापू, माझ्या चाकाला काढता येतं. लावता नाही येत."

"तू काढली, तूच लावशील. आठ्यासुद्धा."

कडूने डब्यातून ती डावी मिशी काढून दाखवली. ती वाकून कंसासारखी झाली होती. उजवीचं तर चूर्ण झालं होतं. भगवानबापू स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली. कोणाचं तोंड, हे मी विचारलं नाही.

ते बसलेले असतानाच दारात सुरेश उभा राहिला. एवढ्या माणसांचा दुकानाला सराव नव्हता. सुरेशने भगवानबापूंकडे पाहिलं नाही. तो सरळ कडूसमोर गेला. माणूस इतका मऊ, की तो ओरडेल असं वाटलं नव्हतं, आणि तो ओरडला नाहीच. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"कडूभाऊ, माझी माय जन्मभर गप राहिली. मी विचारलं तरी नाही बोलली. मराच्या वक्ताला पण नाही बोलली. आन् तू एका दुपारी सगळ्या गावाला दाखवून दिलं. कोणं सांगितलं होतं तुले?"

कडूने तोंड उघडलं. वरून लावलेलं टिकत नाही, यावर त्याचं नेहमीचं एक व्याख्यान आहे. मला वाटलं आता ते येणार. पण नाही आलं. काळ्या तोंडावरून घाम ओघळत होता आणि त्याच्या पांढऱ्या रेघा पडत होत्या.

"चुकलं, भाऊ," तो म्हणाला. "मले फक्त चमक दिसे. त्याच्याखाली कोणी असन, असं डोक्यातच नाही आलं."

"मंग लावून टाक मिशी."

अशा रीतीने पाटलांच्या दोन मुलांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

कडूने जन्मात केलं नव्हतं ते केलं. पत्रा कापून मिशी घडवली. पहिली साळुंकीसारखी झाली. दुसरी सायकलच्या हँडलसारखी झाली. तिसरी बरी जमली, ती त्याने जुन्यासारखी दिसावी म्हणून चुलीच्या धुरावर धरून मुद्दाम काळी केली. चमकणारी वस्तू काळी करताना त्याचं तोंड पाहवत नव्हतं. मग डाख द्यायचं सामान घेऊन आम्ही फोपनारला गेलो. भगवानबापू गाडीत पुढे, मी आणि कडू मागे. सुरेश मोटारसायकलने आला.

चौकात पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी खुर्ची टाकून इंदुबाई बसल्या होत्या. त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे. सोबत एक सुपडं होतं, त्यात त्या तूर निवडत होत्या.

"आई, उठ इथून," भगवानबापू म्हणाले. "मिशी लावायची आहे."

"नाही लागणार."

"गाव हसू राहिलंय आपल्याला!"

"हसू दे. आधी घाबरून हसत नव्हतं, आता हसू राहिलं. तुझ्या बापाला काही होत नाही, तो पितळेचा आहे."

सुरेश पुढे झाला. त्यांच्यासमोर तो कधी बसत नसे; उभाच राहिला, नजर खाली.

"बाई, मीच म्हटलं लावा म्हणून. माझ्या मायची बदनामी होऊ राहिली."

इंदुबाईंनी सुपडं बाजूला ठेवलं.

"सुरेश, वर पाहा. मालूला कोणी विचारलं होतं का? मलाही नव्हतं विचारलं. आम्ही दोघी एका विहिरीवर पाणी भरायचो आन् एकमेकीकडे पाहत नव्हतो. ती लाजे, मी लाजे. ज्याने लाजायचं तो मिशीला पीळ देत ओट्यावर बसे." त्यांनी पुतळ्याकडे हात केला. "आता उभा आहे ना चौकात, उघड्या तोंडाने? उभा राहू दे त्याला. तुझ्या मायने कायले लाजायचं?"

सुरेश पुतळ्याकडे पाहत राहिला. आपलंच तोंड एवढं चकचकीत पाहायची सवय कोणालाही नसते. मग चौथऱ्याच्या खालच्या पायरीवर, इंदुबाईंच्या खुर्चीपाशी, तो बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला. म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. सुपडं परत मांडीवर घेतलं आणि खडे वेचत बसली, तो रडून होईपर्यंत.

भगवानबापू गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या. कडूने मिशी खिशात घातली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. सुरेशने दुसऱ्या दिवसापासून दाढी करायची सोडली आणि बघता बघता मोठी मिशी राखली. लोकांनी पाहत राहू नये म्हणून. ती वाढली तसा तो आबांच्या उतारवयासारखा दिसायला लागला, म्हणजे ज्या तरुणांनी पुतळा पाहून ओळखलं नव्हतं त्यांची सोय म्हाताऱ्यांनी केली, आबा असेच दिसत असं सांगून. शेवटी कंटाळून त्याने ती काढून टाकली, आणि एव्हाना गावही पाहून पाहून थकलं होतं. मळ्यातलं काम मात्र त्याने सोडलं. आता तो दुसऱ्यांच्या केळीची कटाई ठेक्याने घेतो, आणि मान वर करून बोलतो. भगवानबापूंशी नाही. त्यांच्याशी कोणीच फारसं बोलत नाही, आणि याला कारण पुतळा नाही, स्वभाव आहे.

कडूच्या धंद्याला आधी मोठा फटका बसला. ज्यांच्या घरी पूर्वजांचे मुखवटे, टाक, पुतळे होते त्यांनी ते कुलपात घातले. आसपासच्या गावांतल्या काही म्हाताऱ्या बायका मात्र चौकशी करून गेल्या, लोधीपुऱ्यातला तो पॉलिशवाला कोणता म्हणून. वैजयंतीवहिनींनी दुकानाबाहेर पाटी लावली: "वस्तू देताना नावे, मिशा व इतर महत्त्वाचे भाग आधी सांगावेत." अक्षर सुंदर आहे.

या हिवाळ्यात सुरेशच्या मुलीचं लग्न झालं. आम्हाला निमंत्रण होतं. पाटलांना होतं की नाही, माहीत नाही. पण अक्षता पडायच्या थोडं आधी गाडी आली, त्यातून इंदुबाई उतरल्या आणि जाऊन नवरीच्या मागे, बायकांत, जिथे आजीने बसायचं तिथे बसल्या. गाडी भगवानबापूंनी चालवत आणली होती. ते बाहेरच कडुलिंबाखाली उभे राहिले, मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं पाहत. पंगत बसली तेव्हा वाढणारे कमी पडले. सुरेश बट्टीची टोपली घेऊन धावत होता, त्याने जाता जाता वरणाची बादली भगवानबापूंच्या हातात दिली आणि म्हणाला, "धरा, तिकडची रांग राहिली आहे." कोणी कोणाला भाऊ म्हटलं नाही. भगवानबापूंनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि वाढायला लागले. अर्धं वरण पानाबाहेर पडत होतं. जन्मात कधी वाढलेलं नव्हतं त्यांनी.

आमच्या रांगेत आले तेव्हा कडूने त्यांच्या हातातला डाव मधेच धरला, उलटा करून उजेडात पाहिला आणि म्हणाला, "बापू, पितळ चांगलं आहे, लई काळवंडलं. कुणाचा आहे हा?"

मी त्याला जेवायला सांगितलं.